फिलोमिनाबाईंच्या कपाटातलं प्रस्थान

१

रोज संध्याकाळी पाच वाजता आम्ही दोघं ओसरीवर गाडी चालवायचो. गाडी नव्हती. दोन लाकडी खुर्च्या होत्या, शेजारी शेजारी, रस्त्याकडं तोंड करून ठेवलेल्या. डावीकडच्या खुर्चीत हे, उजवीकडच्या मी. यांच्यापुढं स्टुलाला दोरीनं आवळलेलं जुन्या ट्रकचं स्टिअरिंग. आमच्या दोघांच्या मधे वाळू भरलेला डालड्याचा डबा, त्यात खोचलेली काठी. तो गिअर. नकाशा माझ्या मांडीवर, चष्मा माझ्या नाकावर.

आमचं घर सुप्यात, पुणे-नगर रस्त्याच्या अगदी कडेला. जाणारे-येणारे ट्रकवाले आम्हांला बघून हॉर्न द्यायचे, यष्टीतले लोक खिडकीतून माना बाहेर काढून हसायचे. मी कुणाला भीक घातली नाही. हसणाऱ्यांचा जन्म नगर ते शिरूर करण्यात गेला होता. आम्ही इन्सब्रुकला निघालो होतो.

आमचा मुलगा कानिफ जर्मनीत स्टुटगार्टला असतो, कारखान्यात साचे बनवायच्या कामाला. एकाहत्तर सालच्या संक्रांतीला त्याचं पत्र आलं. गाडी घेतली आहे, जुनी आहे पण इंजिन चांगलं आहे, तुम्ही दोघं उन्हाळ्यात या, सहा आठवडे जिकडं म्हणाल तिकडं जाऊ, आणि गाडी बाबा चालवतील. पत्राबरोबर युरोपातल्या रस्त्यांचा नकाशा. उलगडला की अख्खी खाट झाकायचा.

यांचं नाव सहादेव. नवऱ्याचं नाव घ्यायला मी लाजत नाही. लढाईत यांनी इटलीत लष्कराचा ट्रक चालवला. तिथं सांग्रो नावाच्या नदीकाठी हिवाळ्यातल्या चिखलात ट्रक आसापर्यंत रुतला, तेव्हा एका म्हातारीनं स्वतःच्या घराचं दार बिजागऱ्यांतून उपसून आणलं आणि चाकाखाली घातलं. परत आल्यापासून पंचवीस वर्षं मी ही गोष्ट ऐकत होते, आणि दर वेळी शेवट एकच. "तुला ते घर दाखवायचं हाय, साळू. एकदा दाखवायचं हाय."

लढाईतले ट्रक इंग्रजांचे होते, स्टिअरिंग उजवीकडं. कानिफच्या गाडीचं डावीकडं. म्हणून ही खुर्च्यांवरची तालीम. नकाशा माझ्याकडं, कारण मी शाळेत एक दिवसही गेले नसले तरी मराठी अक्षरं ट्रकांच्या पाठीवरून शिकले आणि इंग्रजी नंबरप्लेटींवरून. माझ्याइतकी उजळणी मास्तरांनीही केली नसेल. आमच्या दारावरून दिवसाला पाचशे पाट्या जायच्या. कॅलेंडरच्या पाठीवर मी सगळे मुक्काम उतरवले होते. पहिला उल्म. मग इन्सब्रुक, ब्रेनरचा घाट, व्हेरोना, बोलोन्या, रिमिनी. मग समुद्र डाव्या हाताला ठेवून सांग्रो.

"हळू चालवा," मी म्हणायची. "पुढं गाव हाय."

"तुला कुठं दिसलं?"

"काळा ठिपका हाय मोठा. मोठा ठिपका म्हणजे मोठं गाव."

"मग हॉर्न देतो," असं म्हणून हे तोंडानं हॉर्न वाजवायचे. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस. रस्त्यावरचं एखादं कुत्रं खरंच बाजूला व्हायचं.

२

अक्षय्य तृतीयेच्या आधी नणंदबाई घोडेगावहून आल्या. लंकाबाई. यांची सख्खी धाकटी बहीण, आणि आवाजानं आम्हा सगळ्यांची थोरली.

"दादा, निघायचं अक्षय्य तृतीयेला. त्याच्यावर मुहूर्त न्हाई."

"अगं पासपोर्ट आल्याबिगर कसं निघायचं? मुंबईला कागद पाठवलेत, अजून उत्तर न्हाई."

"मग प्रस्थान ठिवा."

ही आमच्याकडची जुनी रीत. मुहूर्ताला प्रत्यक्ष निघता येत नसेल, तर अंगावरचं एखादं वस्त्र, सुपारी, हळकुंड, मूठभर तांदूळ फडक्यात बांधायचे आणि ज्या दिशेला जायचं त्या दिशेच्या दुसऱ्या कुणाच्या घरी ते गाठोडं नेऊन ठेवायचं. गाठोडं घराबाहेर पडलं की माणूस निघाला असं धरायचं. मग दोन-चार दिवसांनी सावकाश गाठोडं उचलून पुढं जायचं.

माझा मुहूर्तावर विश्वास नाही. मुहूर्त बघून निघालेल्या गाड्याही पंक्चर होतात. यांनी ड्रायव्हरकीला जोड म्हणून दारात काढलेल्या त्या पंक्चरांवर आमचं घर पंचवीस वर्षं चाललं. पण हे म्हणाले, "राहू दे गं, तिचा जीव हाय," आणि डोक्याला गुंडाळायचा आपला रुमाल सोडून दिला.

प्रश्न आला मावळतीला कुणाचं घर. रस्त्यापलीकडं एकच होतं, फिलोमिनाबाईंचं. मिशनच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स, एकट्या राहणाऱ्या, वीस वर्षांपासूनच्या माझ्या मैत्रीण. लंकाबाईंनी नाक मुरडलं. "ख्रिस्तावाच्या घरी प्रस्थान ठिवायचं?"

"मग त्या पलीकडच्या बाभळीवर टांगा, वन्सं," मी म्हणाले. "बाभळ हिंदू हाय का ते मात्र विचारून घ्या."

गाठोड्यात यांचा रुमाल गेला आणि माझा हिरवा खण गेला. पोचवायला मी निघाले. आणि स्वयंपाकघरात पाणी प्यायच्या निमित्तानं थांबून मी गाठ सोडली, माझा खण काढून घेतला, परत गाठ मारली.

का, ते सांगते. एक तर खण चांगला होता, मला त्याची चोळी शिवायची होती. आणि दुसरं, मी बोचकं होऊन कुठं जाणार नव्हते. जन्मभर सुप्यात बसल्यावर जेव्हा जाईन तेव्हा माझ्या पायांनी जाईन, विमानाचा जिना मोजत जाईन. हे मी कुणाला सांगितलं नाही.

फिलोमिनाबाईंनी गाठोडं काचेच्या कपाटात ठेवलं, मरियामातेच्या तसबिरीखाली, आयोडिनच्या बाटलीशेजारी. "इथून काही हरवत नाही," त्या म्हणाल्या. "सावकाश न्या."

३

पंधरा दिवस गेले. पासपोर्ट आले नाहीत. वैशाखाचं ऊन असं की डांबर चपलेला चिकटायचं.

एका संध्याकाळी तालीम संपली, सात वाजले. हे खुर्चीतून उठले तर यांचा डावा हात ओला. अर्ध्या बाहीच्या शर्टाची डावी बाही खांद्यापर्यंत भिजलेली, कोपरावरून थेंब गळत होते. उजवी बाही कोरडी ठणठणीत.

"माठात हात घातलात का?"

यांनी हात उलटसुलट करून बघितला. मग म्हणाले, "पाऊस लागला ना मघाशी. काच वर घ्यायची राहिली."

आणि हसले. मीही हसले. यांची चेष्टा अशीच असते, तोंडाची रेघ न हलवता.

नंतर भाकरी करताना मला आठवलं की माठ सकाळपासून पालथा आहे. बारव आटली होती. दोन हंडे पाणी होतं ते माझ्या डोळ्यांसमोर चुलीशेजारी, झाकण घातलेलं. आणि दोन तास हा माणूस माझ्या डाव्या बाजूला, हातभर अंतरावर बसलेला होता. उठलाच नव्हता.

म्हणजे घाम, मी स्वतःला सांगितलं. उन्हाळ्यात घाम येतोच. एका हाताला जास्त येत असेल. माणसाचा एक पाय दुसऱ्यापेक्षा मोठा असतो, तसंच. शर्ट धुवायला घेतला तेव्हा बाहीचा वास घेतला. घामाचा वास मला चाळीस वर्षं ठाऊक आहे. तो नव्हता. ओल्या गवताचा होता. त्या महिन्यात सुप्यापासून पारनेरपर्यंत हिरवी काडी नव्हती.

शर्ट मी दोनदा घासला.

४

ज्येष्ठात पासपोर्टच्या चौकशीला हवालदार आला. यांचं काम पाच मिनिटांत झालं, लष्कराचे कागद होते. माझ्याकडं वळून म्हणाला, "जन्माचा पुरावा?"

"मी तुमच्यापुढं उभी हाय. हा पुरावा पुरंना का?"

"तसं न्हाई, बाई. तारीख लागती."

"ज्या साली तापाच्या साथीनं गाव ओस पडलं त्याच्या आदल्या साली बाजरीच्या कापणीला. लिहा."

त्यानं लिहिलं नाही. पंधरा दिवसांत यांचा पासपोर्ट आला, माझा अडकला. कानिफनं पत्र पाठवलं, आई मागून आली तरी चालेल, सुट्टी मिळाली आहे, बाबा तुम्ही या. यांनी मला उत्तर लिहायला बसवलं आणि सांगितलं, "एकच ओळ लिही. तिच्याशिवाय मी न्हाई."

मी लिहिली. अक्षर वाकडं आलं, एवढंच.

आता उत्तरांबद्दल सांगते. यांना काही विचारलं की उत्तर उशिरा यायला लागलं. आधी मला वाटलं कान गेले. चहा घेता का विचारलं तर एक ट्रक येऊन जाईपर्यंत हे गप्प, मग म्हणायचे, "घेतो की." आठ दिवसांनी स्टोव्ह पेटवून होईपर्यंत. आणखी आठ दिवसांनी चहा उकळून खाली उतरेपर्यंत. उत्तर बरोबर असायचं, प्रेमानंच असायचं. पण ट्रंककॉलवर बोलतात तसं, आपला आवाज पोचायला आणि त्यांचा यायला मधे केवढंतरी अंतर आहे असं.

मी यांच्या कानाशी टाळी वाजवून पाहिली. मान लगेच वळली. कान शाबूत होते.

आणि हात. ड्रायव्हरची बायको आपल्या नवऱ्याचे हात ओळखते. आपल्याकडचा ड्रायव्हर उजवीकडं बसतो, त्याचा उजवा हात खिडकीबाहेर उन्हात, म्हणून तो डाव्यापेक्षा काळा होतो. यांचे हात लग्नापासून तसेच, उजवा जांभळासारखा, डावा जरा उजळ. दर रविवारी सकाळी मी यांच्या खांद्यांना तेल लावते. त्या रविवारी तेल लावता लावता माझे हात थांबले.

डावा हात काळा झाला होता. कोपरापासून मनगटापर्यंत, वरच्या अंगानं, उजव्यापेक्षा काळा.

ग्रीस असेल म्हणून ओल्या फडक्यानं पुसलं. राख लावून घासलं. हे डोळे मिटून बसले होते. बऱ्याच वेळानं म्हणाले, "घासू नकोस गं. ऊन लागलंय. तिकडचं ऊन दिसत न्हाई, पण लागतं."

५

आषाढात फिलोमिनाबाई रस्ता ओलांडून आल्या. त्या कधी घाईत चालत नाहीत, त्या दिवशी चालल्या.

"साळू, तुझं गाठोडं तापलंय."

"गाठोड्याला ताप येत न्हाई, बाई."

"मला नको शिकवू. बत्तीस वर्षं लोकांच्या काखेत थर्मामीटर घातलाय मी. एकशे चार."

"तुम्ही गाठोड्याला थर्मामीटर लावलात?"

"मग काय करू? कपाटाची काच गरम लागली. मागल्या महिन्यात एक दिवस असं गार पडलेलं की काचेवर दव धरलेलं. तेव्हा म्हटलं म्हातारी झाले, भास होतायत. पण संध्याकाळी सात वाजले की ते वाजतंसुद्धा. टिक, टिक, मग थांबून थांबून टिक. गाडी लांबून येऊन उभी राहिली की इंजिन वाजतं ना, निवताना, तसं."

सात वाजता आमची तालीम संपायची.

मी कॅलेंडर उलटं केलं. अक्षय्य तृतीयेपासून दिवस मोजले. गार पडलं होतं तो दिवस कोणता, हे फिलोमिनाबाईंना नक्की आठवत होतं, कारण त्या दिवशी त्यांच्या चर्चचा सण होता. मी मुक्काम मोजत खाली आले. ब्रेनरच्या घाटापाशी बोट थांबलं; त्या वाटेवर एवढं गार दुसरं ठिकाण नव्हतं. मुक्कामांपेक्षा दिवस जास्त झाले होते. गाडी कुठंकुठं थांबत होती, रेंगाळत होती. पण पुढंच जात होती.

मी दहा वेळा स्वतःला सांगितलं, साळू, तू शिकलेली बाई आहेस. कुणी शिकवलं नसलं तरी शिकलेली आहेस. फडक्यात बांधलेले तांदूळ आल्प्स ओलांडत नाहीत.

मग लंकाबाईंना पत्र टाकलं. उत्तर त्यांच्या नातीच्या अक्षरात आलं. "आमच्यात कुणी प्रस्थान ठिवून तीन महिने घरी बसलं न्हाई. काय करायचं मला ठावं न्हाई. वहिनी, तुमी दोघं बरोबरच हायत ना?"

ती शेवटची ओळ वाचून मी पत्र चुलीत घातलं.

कारण आम्ही बरोबर नव्हतो. रुमाल त्यांचा एकट्याचा होता. मी शेजारच्या खुर्चीत बसून नकाशा वाचत होते, आणि तो माणूस शेजारची जागा रिकामी ठेवून रोज थोडा थोडा लांब जात होता. आज चहा उतरेपर्यंत उत्तर येत होतं. उद्या येणार नाही, तेव्हा मी काय करणार होते?

६

सोपा उपाय होता. गाठोडं परत आणायचं.

दुसऱ्या दिवशी तालमीच्या वेळी मी यांना म्हणाले, तुम्ही सुरू करा, मी आलेच. रस्ता ओलांडला. फिलोमिनाबाईंनी कपाट उघडून दिलं. गाठोडं दोन्ही हातांनी उचललं, पदरात धरावं लागलं इतकं गरम होतं, आणि जड. रुमाल आणि मूठभर तांदूळ इतकं जड असत नाही.

दारातून बाहेर पडले, दोन पावलं टाकली. समोर, रस्त्यापलीकडं, आमची ओसरी दिसत होती.

हे खुर्चीत बसलेले होते. माझं पाऊल डांबरावर पडलं आणि यांच्या हातातलं स्टिअरिंग गरकन फिरलं. यांनी फिरवलं नाही. तेच फिरलं, आणि हे त्याच्याशी झुंजायला लागले. दोन्ही पाय जमिनीत रोवलेले, अंग एका बाजूला कललेलं, खुर्चीचे दोन पाय उचललेले. ट्रक घसरतो तेव्हा ड्रायव्हरचं अंग कसं होतं ते मी पाहिलेलं आहे. आवाज काही नव्हता. मधून एक टेम्पो गेला, त्यातला माणूस आमच्याकडं बघून हसला.

मी मागं सरले. उंबऱ्याच्या आत आले. खुर्चीचे पाय खाली टेकले. यांनी कपाळावरचा घाम पुसला, डाव्या हातानं.

"ठेव," फिलोमिनाबाई माझ्यामागून म्हणाल्या. त्यांचा हात छातीवर क्रूस करत होता. "ठेव ते जागेवर, साळू. रस्त्यातल्या माणसाला असं मागून ओढू नये."

मी ठेवलं.

७

त्या संध्याकाळी मी यांच्याशेजारी बसले आणि कबूल केलं. जन्मात मी यांच्यापुढं मान खाली घातली नाही. त्या दिवशी घातली.

"अहो, मी त्यातनं माझा खण काढून घेतला होता. अक्षय्य तृतीयेलाच. तुम्हांला एकट्यालाच पाठवलं मी."

हे रस्त्याकडं बघत होते. मी उत्तराची वाट बघायला लागले. एक यष्टी गेली. कडब्याच्या चार बैलगाड्या गेल्या. मी आत जाऊन कपबश्या विसळल्या, पालथ्या घातल्या, परत येऊन बसले. ऊन ओसरीवरून उतरलं. आता येत नाही, असं वाटलं तेव्हा मला जे झालं ते मी लिहू शकत नाही. मला त्याला शब्द सापडलेला नाही, आणि मी पुष्कळ शब्द वाचलेत.

मग हे म्हणाले, "तरी म्हनलं शेजारची सीट रिकामी का." आवाजात राग नव्हता. "मी लई हळू चालवतोय, साळू. कधी कधी दोन-दोन दिवस थांबतो. पण मागनं गाड्या येत्यात, हॉर्न देत्यात. किती थांबू?"

"नका थांबू," मी म्हणाले. "मी येते."

खणाची चोळी शिवून झाली होती, चार वेळा अंगावर चढलीही होती. तीच घेतली. जोडीला एक सुपारी, एक हळकुंड. विमानाचा जिना, माझे पाय, सगळं मनात आलं. चाळीस वर्षं ह्या माणसानं मला आधी जेवू घातल्याशिवाय ताट ओढलेलं नाही. जिना राहिला तर राहिला.

फिलोमिनाबाई म्हणाल्या, "नक्की?"

"तुम्ही फक्त कपाटाला कुलूप लावा."

गाठ सोडली. आत काय होतं ते फार बघितलं नाही. रुमालाच्या घडीवर पांढरी धूळ होती, पिठासारखी. आमच्याकडची माती काळी. चोळी वर ठेवली, गाठ मारली, ट्रकच्या ताडपत्रीला मारतात तशी, दुहेरी.

परत येऊन खुर्चीत बसले. नकाशा मांडीवर घेतला.

"चहा घेता का?" मी विचारलं.

"घेतो की," हे लगेच म्हणाले. शब्द संपायच्या आत. आणि वाळूच्या डब्यातली काठी सोडून त्यांनी उजवा हात माझ्या गुडघ्यावर ठेवला. भर रस्त्यासमोर. ट्रकवाल्यांनी हॉर्न दिले. देऊ देत.

८

तिथून पुढं श्रावणात आम्ही फार सुखात होतो. पावसानं त्या वर्षी दडी मारली होती, लोकांची तोंडं सुकलेली. आम्ही मात्र बोलत होतो, बोलत होतो. लग्नाला चाळीस वर्षं झाल्यावर एवढं बोलायचं शिल्लक असतं हे मला माहीत नव्हतं. यांनी मला एका गावात घंटा ऐकवली. एका वळणावर द्राक्षांचा वास आला, मी नकाशात बघून गावाचं नाव सांगितलं.

फिलोमिनाबाई येऊन बसायच्या. एकदा म्हणाल्या, "तुम्हा दोघांना काही विचारायचं म्हणजे जेवणाचा डबाच घेऊन यावं लागेल. सकाळी विचारलं की दुपारी सांगता." मी म्हणाले, काहीतरीच काय. मला तर मी लगेच बोलल्यासारखं वाटलं. पण त्यांच्या मांडीवरची लसणाची पाटी, जी आत्ता भरलेली होती, ती सगळी सोलून झालेली होती.

भाद्रपदात एका दुपारी छगन पोस्टमन आला. आम्ही तेव्हा दुपारचेही बसायला लागलो होतो.

"साळूबाई, रजिस्टर. मुंबईहून. तुमचा पासपोर्ट आलाय बहुतेक. सही करा हितं."

आवाज बारीक आला. विहिरीच्या तळातून यावा तसा, पण मागून. माझ्या मागं तर भिंत, आणि भिंतीत आमचं दार. सही करायला म्हणून मी वळले.

भिंत नव्हती. मागं रस्ता होता, पांढरा, ओला, वळत वळत खाली गेलेला. आणि त्याच्या पार शेवटाला, काड्यापेटीएवढं, एक घर होतं ओसरीचं. ओसरीवर खाकी कपड्यातला एक ठिपका वाकून उभा होता. त्याच्यापुढं दोन खुर्च्या. खुर्च्यांत कोणीतरी बसलेलं होतं, दोघं, आमच्याकडं तोंड करून. बाईच्या डोळ्यांवर माझा चष्मा होता.

मग झाडी आड आली.

सही केली म्हणे मी. छगन सांगतो, घटकाभर उभं ठेवलंत, पण केलीत. पासपोर्ट मी पाहिलाय, पावतीवरची सही माझीच आहे. मला ती केल्याचं आठवत नाही. मला एवढंच आठवतं की छगन परत म्हणाला, "बाई, सही," आणि त्याच वेळी यांनी गिअर बदलला, उतार लागला, आणि खाली, फार खाली, समुद्र दिसला.

"दम धर, छगन," मी म्हणाले. "ह्यांना आधी घाट उतरू दे."